पायांची हजेरी

१

"डोळ्यांनी नको गं, हातांनी बघ. डोळे सोकावतात."

जिन्याच्या पहिल्याच पायरीवर मेट्रनबाईंना तो आवाज ऐकू आला. ऐकला होता त्याला चाळीस वर्षं झाली. शिकाऊ असताना ज्या थोरल्या सिस्टरच्या हाताखाली त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तिचा आवाज. जाडाभरडा, जात्यातून पीठ उतरावं तसा. आवाजाची धनीण केव्हाच मातीआड गेली, पण या जिन्यात तो अजून मुक्कामाला होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी मेट्रनबाई चढू लागल्या की तोही सोबत चढायचा.

वर इस्पितळाच्या अधीक्षकांनी खुर्ची पुढे केली. फाईल आधीच उघडून ठेवली होती.

"शिंपी आहे. वय एकसष्ट. कण्यातली वाट अरुंद झाली होती, दहा पावलं चालला की पाय भरून यायचे. सोमवारी ऑपरेशन झालं, हाड कोरून वाट मोकळी केली. सगळं छान. मंगळवारी संध्याकाळी सहाला सर्जन राउंडला गेले, पांघरूण उचललं, पायाला हात लावला, तर पाय मेलेले. तासाभरात पुन्हा टेबलावर घेतलं. आत रक्त साचून गोळा झाला होता, नसांवर पालथा पडल्यासारखा. काढला. आज दहा दिवस झाले, पाय आले नाहीत."

"येतील?"

अधीक्षकांनी नकारार्थी मान हलवत फाईलचं पान उलटलं.

"रक्त साचणं कुणाच्या हातात नसतं," ते म्हणाले. "पण लवकर कळलं असतं तर पाय वाचले असते. सर्जन म्हणतात, गोळा घट्ट आणि काळा होता. सकाळी नऊच्या सुमाराचा. आणि हा बघा सिस्टरचा तक्ता. दहा वाजता, बारा वाजता, दोन वाजता, चार वाजता. दर वेळी लिहिलंय, 'दोन्ही पाय हलतात.' खाली सही."

सही मेट्रनबाईंच्या ओळखीची होती. बारीक, घाईची, दाणे टिपल्यासारखी. वॉर्ड जिला चिमणी म्हणायचा त्या पोरीची. मेट्रनबाईंनी हाताला धरून शिकवलेली शेवटची तुकडी तिची.

"चार वाजता समिती बसतेय. खोटा तक्ता लिहिला म्हणून तिची नोकरी जाईल, परिचारिकांच्या नोंदणीतून नाव कायमचं कापलं जाईल. मला वाटलं, त्याआधी तुम्ही एकदा बोलावं सगळ्यांशी. पण खरं सांगू? मला आशा नाही. मेलेले पाय हलत नाहीत, बाई."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

२

चिमणी कपड्यांच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या चळतीमागे बसली होती. रडून रडून तिचा चेहरा पिळल्यासारखा झाला होता.

"मी खोटं नाही लिहिलं, मेट्रनबाई. आईशपथ."

"आईला मध्ये आणू नकोस. काय झालं ते सांग."

"सकाळी नऊला काकांची पाठ खूप दुखत होती. ओरडलेच ते. मी इंजेक्शन दिलं. नंतर गप्प झाले, मला वाटलं उतार पडला. जखमेतल्या निचऱ्याच्या नळीतून रक्तही कमी आलं होतं. मला बरंच वाटलं."

"नळीत गुठळी अडकली की रक्त कमीच येतं."

"आता कळलं," ती म्हणाली आणि ओठ चावून बसली. "मग दहापासून दर दोन तासांनी हजेरी घेतली."

मेट्रनबाईंनी क्षणभर डोळे मिटले. पायांची हजेरी त्यांनीच सुरू केली होती. पाठीचं ऑपरेशन झालेला माणूस भेदरलेला असतो, त्याला हसवावं म्हणून पायथ्याशी उभं राहून पुकारायचं, "पाय हजर आहेत का?" आणि त्यानं पाय हलवून म्हणायचं, "हजर!" पण पुकारताना त्यांचे दोन्ही हात पावलांवर असायचे. डावं वेगळं, उजवं वेगळं. बोटं वर कर, खाली कर, माझा हात ढकल. पुढे माणसं वाढली, सिस्टर कमी झाल्या, आणि हात कधी गळून पडले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पुकारा तेवढा उरला.

"हात लावलास?"

चिमणीने मान खाली घातली. "बावीस माणसं होती, बाई. मी एकटी. काकांना थंडी वाजत होती, काकूंनी पायांवर पांघरूण खोचलेलं. मी दारातूनच पुकारलं."

"मग पाहिलंस काय?"

"पाय हलताना! पांघरुणाखाली अंगठे वर झाले. चारही वेळा. दोन्ही एकदम, अगदी जोडीनं."

उठायला निघालेल्या मेट्रनबाई पुन्हा बसल्या.

"दोन्ही एकदम? दर वेळी?"

३

वॉर्डात शिंपीकाकांच्या शेजारच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेले एक निवृत्त मास्तर होते. पाय वजनाला टांगलेला, पण जीभ मोकळी.

"या, बसा. दहा दिवसांत मला कुणी काही विचारलं नाही. सदतीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले, आता उत्तरं तुंबलीत."

"मंगळवारचं सांगा, मास्तर. हजेरी आठवते?"

"हजेरी आणि मी विसरेन? सोमवारी संध्याकाळी आणि मंगळवारी सकाळी आठला शिंपीबुवा एक हात वर करायचे, वर्गातल्यासारखा. आधी पाय हलायचे, मग हात वर, मग 'हजर'. मी त्यांना म्हटलंसुद्धा, तुमचे पाय तुमच्यापेक्षा हुशार, तुमच्याआधी उत्तर देतात."

"आणि दहा वाजता?"

मास्तरांची थट्टा ओसरली. "उलटं झालं. आधी 'हजर' म्हणाले, मग जरा वेळाने पाय हलले. आणि हात वर केला नाही. दोन्ही हात पांघरुणात. वर्गात एखादं पोर पाटीखाली काही लपवून बसलं की त्याचे हात असे असतात. मला वाटलं, दुखत असेल, कशाला बोला."

"काकू पायथ्याशी बसल्या होत्या? त्यांचा हात पांघरुणात होता?"

"दहाला आणि बाराला होत्या, पण उशाशी. दोन वाजता तर नव्हत्याच. अंघोळीला घरी गेल्या होत्या. पाय तरीही हलले."

मेट्रनबाईंच्या मनातलं एक दार उघडता उघडता मिटलं. बायकोने हलवले नाहीत. मग?

"आणखी काही, मास्तर? एरवी होतं आणि त्या दिवशी नव्हतं असं?"

मास्तरांनी स्वतःच्या गळ्याभोवती बोट फिरवलं. "टेप," ते म्हणाले. "कापड मोजायची. ती गळ्यात घालूनच झोपायचा माणूस. ऑपरेशनला नेताना काढून ठेवायला सांगितली तर भांडला. शुद्धीवर आल्यावर आधी ती मागितली, पाणी नंतर. मंगळवारी दहानंतर त्यांचा गळा मोकळा होता."

४

सर्जन हात धूत होते. नळ बंद केल्यावरही हातांकडे बघत उभे राहिले.

"इथल्या तीन वर्षांत मी असा कणा पाहिला नव्हता, मेट्रनबाई. गोळा काढला तरी रक्त थांबेना. एक जागा जाळून बंद करावी तर दुसरीकडून पाझर. ओलं फडकं पिळावं तसं. रिपोर्ट मात्र सगळे उत्तम. रक्त गोठवणाऱ्या पेशी भरपूर."

"भरपूर असतील. कामावर होत्या का?"

सर्जननी मान वर केली.

"दारावर दहा पहारेकरी आहेत एवढं त्या तपासणीत कळतं," मेट्रनबाई म्हणाल्या. "ते जागे आहेत की झोपलेत, ते कळत नाही. फाईलीत वाचलं, त्यांच्या हृदयात स्टेंटची जाळी आहे ना? रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती?"

"सात दिवस आधी बंद केली. हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन. मी स्वतः लिहून दिलं, समजावून सांगितलं. काकूंनी दोनदा विचारलं, 'नक्की बंद करायची?' मी म्हटलं, नक्की." ते थांबले. "का?"

"नंतर सांगते. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी आणखी काय दिसलं?"

"लघवी तुंबलेली. लिटरभर. तक्त्यात तर अकरा वाजता झाली असं लिहिलंय, काकूंनी सांगितल्यावरून. आणि माझ्या मदतनिसाने एक बारीक नोंद केली होती, मी तेव्हा लक्ष दिलं नाही." त्यांनी कागद चाळला. "हे बघा. 'दोन्ही पायांच्या अंगठ्यांभोवती गोल लाल वळ. मोज्यांचे असावेत.'"

मेट्रनबाईंनी कागद हातात घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मोज्याचा वळ घोट्यावर पडतो."

५

खिडकीजवळच्या लहान खोलीत आता शिंपीकाकांना ठेवलं होतं. पांघरुणाखाली दोन पाय नीट शेजारी शेजारी ठेवलेले, कुणी तरी घडी घालून ठेवलेत असे. काकू त्यांना पेल्यातून पाणी पाजत होत्या. मेट्रनबाई आत आल्या आणि काही न विचारता त्यांनी दोन्ही हात त्या पावलांवर ठेवले. थंड होती. हात ठेवलेला काकांना कळला नाही, फक्त दिसला.

"काकू, ह्यांची टेप कुठे आहे?"

पेला कलंडला. काकू कोपऱ्यातल्या पिशवीकडे बघायचं टाळत होत्या, म्हणून मेट्रनबाईंना ती दिसली. त्यांनी टेप काढून उलगडली. पिवळी, वापरून मऊ झालेली. पितळी टोकापासून वीतभर अंतरावर घट्ट गाठीच्या चुण्या पडल्या होत्या. दोन फास, जवळजवळ.

"मीच केलं," काका म्हणाले. आवाज कोरडा होता. "अंगठ्यांना बांधली, दुसरं टोक हातात धरलं. पोरगी पुकारायची, मी ओढायचो. तिचा काही दोष नाही. लिहून घ्या."

"का केलंत?"

"पुन्हा कापतील म्हणून. भीती वाटली. म्हटलं, मुंग्या आहेत, संध्याकाळपर्यंत उतरतील. पायांवर तर माझी मशीन चालते, बाई. ते असे कसे जातील?"

"काका, तुम्हाला कूस बदलायची बंदी होती. कमरेतून वाकणं तर लांबच. टेप तुम्ही ओढलीत. पण तुमचा हात अंगठ्यापर्यंत पोचला कसा?"

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी बांधली," काकू म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलं म्हणून. सहा वाजता डॉक्टरांची पावलं वाजली तेव्हा मीच सोडली. लघवीचंही मीच खोटं सांगितलं. झालं?"

"नाही झालं."

मेट्रनबाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांना हे बोलायचं नव्हतं. बाहेर कुणी तरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं. तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते दूर जाईपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी काकांची बाही वर सारली. सुई टोचलेल्या प्रत्येक जागी जांभळा डाग पसरला होता, दहा दिवसांनंतरही कडेने पिवळा पडत चाललेला.

"भित्रा माणूस दुखलं की ओरडतो, काकू. नऊ वाजता हे ओरडले. मग दहाच्या आत असं काय झालं, की ओरडणारा माणूस पाय गेले तरी गप्प बसला? भीतीने माणूस स्वतःचे पाय देत नाही. दुसऱ्या कुणाला वाचवायचं असेल तर देतो."

"बाई, पुरे," काका भिंतीला म्हणाले.

"ह्यांचं रक्त वेळेत गोठत नव्हतं. सात दिवस गोळी बंद असती तर गोठलं असतं. घरात गोळ्या कोण देतं?"

काकूंचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"मी घेतली गोळी," काका ओरडले. "चोरून घेतली! मीच!"

"तुम्ही आयुष्यात एक तरी गोळी हाताने घेतलीत का, काका? त्यांनी तळहातावर ठेवायची आणि तुम्ही न बघता गिळायची. आत्ता पाणीसुद्धा त्याच पाजत होत्या."

काकूंनी सांडलेलं पाणी पदराने पुसलं. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

"माझ्याकडे पुरावा नाही," मेट्रनबाई उठत म्हणाल्या. "डाग आणि अंदाज. समितीपुढे मी टेप ठेवीन. पण टेप पाहून ते म्हणतील, रोगी फसवत होता हे सिस्टरला कळायला हवं होतं. आणि नाव कापतील. त्या पोरीचं काय चुकलं ते तिला ठाऊक आहे, मी ते लपवणार नाही. पण जे तिचं नाही तेही तिच्याच पदरात पडणार आहे. चार वाजता, खालच्या मजल्यावर, डावीकडची खोली."

"आणि बोलले तर माझे पाय परत येणार आहेत का?" काकांनी विचारलं.

"नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

६

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. लांब टेबलावर टेप पडली होती. अधीक्षकांनी ती एकदा हातात घेतली होती आणि लगेच ठेवली होती, गरम असल्यासारखी. चिमणी भिंतीशी उभी. सर्जन खिडकीशी.

"टेपमुळे गोष्ट समजते," अधीक्षक म्हणाले. "पण निर्णय बदलत नाही. हात लावला असता तर कळलं असतं. आणि रक्त का साचलं याला तर काही कारणच—"

दार उघडलं. काकूंनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. अनवाणी आत आल्या, टेबलापर्यंत आल्या, आणि कुणी बसा म्हणालं तरी बसल्या नाहीत.

"सहा वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयात जाळी बसवली," त्या म्हणाल्या. "पुढच्याच वर्षी मी गोळी आणायला विसरले. घरात पाहुणे होते, गडबड होती. चार दिवस गोळी नाही. पाचव्या दिवशी हे मशीनवर कोसळले. तोंडात सुई तशीच. हृदयाचे डॉक्टर मला म्हणाले, 'बाई, तुम्ही मारलंच होतंत ह्यांना.' ते बोलून गेले. मी ते रोज ऐकते."

सर्जन खिडकीपासून हलले.

"तुम्ही म्हणालात सात दिवस बंद. मी हो म्हटलं. दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा सांगितलंत. घरी गेले आणि गोळी हातात घेतली. टाकवेना, डॉक्टर. हात पुढे जाईना. रोज दिली. ऑपरेशनच्या दिवशी पहाटेसुद्धा, घोटभर पाण्याबरोबर. मंगळवारी आठ वाजता, तुमच्या वॉर्डात, चहातून. ह्यांना माहीत नव्हतं. ह्यांनी कधी बघितलंच नाही मी काय देते ते."

"नऊ वाजता त्यांना कळलं?" मेट्रनबाईंनी हळूच विचारलं.

"ते ओरडले तेव्हा माझा धीर सुटला. मी कानाशी सगळं सांगितलं. म्हटलं, डॉक्टरांना सांगते. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, 'तोंड उघडलंस तर पोलीस तुला घेऊन जातील. मला मुंग्याच आल्यात. उतरतील. टेप दे इकडे.'"

अधीक्षकांचं पेन टेबलावरून घरंगळलं. कुणी उचललं नाही.

काकूंनी सर्जनकडे बघितलं. "नऊ वाजता कळलं असतं, तर?"

सर्जनचे ओठ हलले. खोटं बोलायला त्यांना शब्द सापडत होते, पण ते त्यांनी वापरले नाहीत. "बहुतेक चालले असते," ते म्हणाले. "काठी घेऊन का होईना, चालले असते."

काकूंनी मान हलवली. दुकानात भाव ऐकून माणूस हलवतो तशी, आधीच ठाऊक असलेल्या भावाला. अधीक्षक खाकरले. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. आता जा तुम्ही त्यांच्याजवळ. सिस्टरचं आम्ही पुन्हा—"

"अजून आहे," काकू म्हणाल्या. "हे ह्यांनाही माहीत नाही."

चिमणीने पहिल्यांदा वर बघितलं. काकू तिच्याचकडे वळल्या होत्या.

"टेप बांधून झाली आणि मला राहवेना. ह्यांना म्हटलं, पाणी आणते. तुझ्या टेबलापाशी आले. तू औषधांचे ट्रे भरत होतीस. तुला आठवणार नाही, तुझ्या मागे दोघं जण हाका मारत होते. तू तरी थांबलीस. माझ्या खांद्याला हात लावलास. म्हणालीस, 'काकू, चेहरा का असा? काका ठीक आहेत ना? काही हवंय का?' सगळं माझ्या ओठांवर होतं गं. एक शब्द पुरला असता. आणि मी हसले. म्हटलं, 'काही नाही, बाळ. तू तुझं काम कर.'"